सातवीनं पुरलेलं गाव

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पालक, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले निवृत्त होणारे इतिहासाचे सर, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या वहिनी, आणि मागच्या रांगेत खुसखुस करणाऱ्या आठवीच्या मुलामुलींनो,

मी गणित शिकवते. तेव्हा बाई मोजकंच बोलतील, अशी भाबडी आशा अध्यक्षांनी धरली असेल, तर त्यांनी ती आत्ताच सोडावी.

शाळेतली एक जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला, की तास कुणाचा घ्यायचा? इतिहासाचा! सर कधी नाही म्हणाले नाहीत. "घ्या बाई, मेलेली माणसं कुठे पळून जातायत?" म्हणायचे आणि खडू खाली ठेवायचे.

मग सरांनी संगणकाच्या खोलीत ते आभासी जग आणलं. पडद्यावर हजारो वर्षांपूर्वीचा नदीकाठ, नुसती रिकामी जमीन. सातवीनं तिथे गाव वसवायचं आणि स्वतः त्यात हिंडायचं. आमच्या बहाद्दरांनी आधी काय बांधावं? राजवाडा! मग हत्तीखाना. मी एकदा सवयीनं तास मागायला गेले, तर मुलांनी दारातच अडवलं. "बाई, आज नको ना! गावात पाणी नाही, माणसं घरं सोडून चाललीत!" विहीर खणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सर हाताची घडी घालून उभे. एरवी पुस्तक उघडा म्हणून ज्यांच्या मागे लागावं लागे, ती मुलं मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून जुने लोक पाणी कुठून आणायचे ते शोधत होती. अहो, मला चक्क हेवा वाटला.

सरांचा नियम मात्र कडक. वर्ष संपलं, की गाव पुसायचं. "आयतं गाव हातात दिलं, तर तेही पाठ्यपुस्तकच होईल," म्हणायचे.

गेल्या वर्षअखेरीची गोष्ट. चहा पिताना सर म्हणाले, "बाई, माझ्यामागे हे चालेल का हो? की पुन्हा सनावळ्यांची घोकंपट्टी?" मी "चालेल हो" म्हटलं, पण खरं सांगू का, माझाही विश्वास नव्हता. त्याच आठवड्यात गाव पुसायची वेळ आली आणि वर्गातली एक मुलगी, प्रत्येक गोष्टीवर वाद घालणाऱ्या आमच्या वकीलबाई, उभ्या राहिल्या. "सर, खरी गावं कुणी पुसतं का? ती मातीखाली जातात. आपण पुरू या. पुढच्या वर्गाला खणू दे!" सरांनी आपला नियम तिथल्या तिथे मोडला. मग वर्षभर खपून वसवलेल्या गावावर मुलांनी स्वतःच माती लोटली. काहींचे डोळे भरले होते.

गेल्या सोमवारी नव्या सातवीनं खणायला सुरुवात केली. सरांच्या जागी आलेल्या नव्या बाई पुढे, सर आणि मी मागे भिंतीशी. विहीर निघाली, घरं निघाली आणि मधोमध एक खोली निघाली. आत ओळीनं बसायच्या जागा, समोर एक खुर्ची. ही खोली सरांनी कधी पाहिलीच नव्हती. पुरण्याआधी मुलांनी ती गुपचूप बांधली होती.

"दरबार आहे!" एक जण ओरडला.

"हट्! राजवाडा तिकडे निघालाय की."

"मग काय असेल?" नव्या बाईंनी विचारलं.

एक मुलगी पडद्याला नाक लावून बघत होती. म्हणाली, "इथे कुणीतरी शिकवत असणार. आणि गावाला ते फार आवडत असणार."

"कशावरून गं?"

"प्रत्येक घराची वाट इथेच येते, बाई."

सरांनी चष्मा काढला. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझी अवस्था काही वेगळी नव्हती. "कोण होतं ते? सांगा ना!" मुलांचा एकच गलका. नव्या बाईंनी वळून सरांकडे पाहिलं. सर हळूच म्हणाले, "सांगू नका. शोधू दे त्यांना."

तेव्हा मंडळी, नव्या सातवीला आपण मुद्दाम चहाच्या तयारीला धाडलं आहे. यातलं अक्षरही त्यांच्या कानावर घालू नका. मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर पदरात घ्या.

आणि सर, उद्या पहिल्याच तासाला मुलं पुढे खणणार आहेत.