पालथी घातलेली गादी

देवळाली प्रवरेहून सोनईकडं निघालेल्या एसटीत रंगनाथबाबा खिडकीशी अंग चोरून बसले होते. झोपेत आपल्याकडून ओली झालेली मखमली सोफ्याची गादी पालथी घालून, लेकीचं घर जागं व्हायच्या आत ते कुणाला न सांगता निघाले होते. पुढच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

"नातवानं सोफा भिजिवला. लई वास मारतोय, बाई."

"मग काय केलंस?"

"बादलीभर पानी वतलं."

"तितंच चुकलं. आतला फोम सुकत न्हाई. आदी कोरड्या फडक्यानं टिपायचं, मग खायचा सोडा भुरभुरायचा."

बाबा पुढं वाकले.

"बाई, गादी पालथी घातली आसंल तर?"

"मग आतल्या आत कुजंल की! लगीच उन्हात टाकायची. तुमच्यात बी नातू हाय व्हय, बाबा?"

"व्हय... ल्हान हाय."

"मग सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचंच कशाला?"

"जावयानं काढलं. म्हनला, आज घरात मानाचा पावना आलाय."