सुंदराचा उलट टाका

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आमचे मालक पलटणीतनं सुट्टीवर येणार म्हणून मी सातारहून लोकर आणून स्वेटर विणाय घेतला. माझी धाकटी जाऊ सुंदरा उलट टाका घालताना लोकर सुईच्या खालनं घ्यायची, लय झपाट्यानं. सासू तिचंच कौतुक करायची आन् माझ्या अंगाची आग व्हायची. तिला न इचारता, नुसतं चोरून बघून मीबी तसंच विणलं.

मालक आले, स्वेटर घालाय गेले आन् डोकं गळ्यातच अडकलं.

सुंदरा वीण बघून म्हणाली, "आक्का, उलट टाका असा घातला, तर सुलट टाका मागनं उचलायचा. न्हाईतर पीळ पडून वीण आवळती. मला इचारायचं की!"

स्वेटरातनं मालक वरडले, "मग सुंदरालाच विणाय का न्हाई सांगितलं?"

सासू बाही धरून वडत हुती. मी म्हणलं, "सोडा, आत्याबाई. ऱ्हाऊ द्या त्यास्नी आतच."