वर्गात पाय आपटायचा नाही

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजी-माजी शिक्षक, पालकहो, आज पहिल्यांदाच मास्तरांशेजारी निवांत बसलेल्या वहिनी, आणि पुढच्या तीन रांगांत बसून माझ्याकडे नव्हे, तर माझे बोल खुणांनी सांगणाऱ्या बाईंच्या हातांकडे पाहणाऱ्या माझ्या मुलांनो, सर्वांना नमस्कार.

सव्वीस वर्षं आपल्या शाळेत लाकूडकाम शिकवून सुतारमास्तर आज निवृत्त होत आहेत. मघाशी त्यांना मधल्या मानाच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा त्यांनी काय केलं पाहिलंत? वर पाहिलं आणि खुर्ची दोन हात डावीकडे ओढली. का? जरा वर बघा. अध्यक्षमहोदय, तो पंखा आता आपल्या डोक्यावर आहे! घाबरू नका, त्याचा हूक मास्तरांनी परवाच बदललाय. पण सवय जात नाही. वहिनी सांगत होत्या, "आमच्याकडे भांड्यांचं कपाटसुद्धा भिंतीला जखडलंय. पलंगाखाली बूट आणि बॅटरी. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कुठल्या गावाला निघालाय की काय!"

हसा, हसा. मीही हसले होते. तेच आज सांगायचंय.

आमच्या मुलांना ऐकू येत नाही. मग अख्ख्या वर्गाला हाक कशी मारायची? आमच्या वर्गांची जमीन लाकडी आहे. बाईंनी पाय आपटला की थरथर मुलांच्या तळव्यांना कळते आणि सगळ्या माना वर होतात. पाय हीच आमची घंटा. मी तर त्यात इतकी तरबेज होते, की दोनदा आपटला तर 'इकडे बघा' आणि तीनदा आपटला तर 'आता माझा राग बघा'.

चार वर्षांपूर्वी मास्तर शिक्षकखोलीत येऊन म्हणाले, "बाई, भूकंप झाला तर ही मुलं काय समजतील?"

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही खुर्च्यांचे पाय बघा, माझे मी बघते."

सगळी खोली हसली. मास्तर निघून गेले. ते हसू मला अजून बोचतं.

दोनच महिन्यांनी, सकाळच्या दुसऱ्या तासाला जमीन हलली. मुलं वह्यांत लिहीत होती. मुलांनी काय केलं असेल? पळाली? लपली? छे. शहाण्या मुलांसारखी ताठ बसली आणि माझ्याकडे बघू लागली. बाई बोलावताहेत ना! त्यांच्या पाठीमागे वह्यांचं लोखंडी कपाट डुलत होतं. मी ओरडले. काय उपयोग? हात हलवले, पण 'बाकाखाली जा' ही खूणच आम्ही कधी ठरवली नव्हती. कपाट शेवटच्या बाकावर कोसळलं. त्या बाकावर बसणारी मुलगी तापाने घरी होती, म्हणून आज ती इथे आहे. तिला तिच्या तापाने वाचवलं, मी नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर ड्रिल मशीन आणि लोखंडी पट्ट्या घेऊन दारात उभे. 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. फक्त विचारलं, "भिंतीला भोकं पाडू का?"

मी म्हटलं, "पाडा. आणि माझ्या पायाचं काय करायचं, तेही सांगा."

त्या दिवसापासून शाळेत कुणीही पाय आपटत नाही. हाक मारायची तर दिवा उघडझाप करायचा, नाहीतर हात हलवायचा. जमीन हलण्याचा अर्थ एकच: बाकाखाली जा, डोकं-मान झाका, बाकाचा पाय घट्ट धरा, आणि हलणं थांबेपर्यंत दाराकडे धावू नका. थांबलं की पायांत बूट, मग रांगेने मैदानात. नवे बाक मास्तरांनी स्वतः केले. ते इतके जड आहेत, की झाडताना मावशी रोज मास्तरांचा उद्धार करतात. शिवाय दर महिन्याला, कुठल्याही वारी, न सांगता, मास्तर लाकडी हातोड्याने जमीन ठोकायचे.

"मास्तर, परीक्षा चालू आहे!" मी एकदा चिडले.

"भूकंपाला वेळापत्रक पाठवलंय का तुम्ही?" ते म्हणाले.

गेल्या वर्षी पुन्हा झालं. मी फळ्यावर लिहीत होते. गरगरलं. वाटलं, रक्तदाब वाढला. वळून बघते तर वर्ग रिकामा! नीट पाहिलं, तर प्रत्येक बाकाच्या पायाला दोन-दोन छोटे हात. मी मात्र खांबासारखी उभी. तेवढ्यात पहिल्या बाकाखालून कुणीतरी माझं मनगट धरून मला खाली ओढलं. ती तीच होती, तापवाली. मागे ट्यूबलाइट फुटून मी उभी होते तिथेच काचा पडल्या. आणि माझी विद्यार्थिनी बाकाखाली मला रागावून खुणेने सांगत होती, 'बाई, तुम्ही डोकं झाकलं नाही.'

अध्यक्षमहोदय, आता थोडं कडू बोलते. मास्तरांनंतर हा सराव वर्षातून एकदा, आधी कळवून घ्यावा, असं संस्थेचं पत्र आलंय. तास वाया जातात म्हणे. आपला पूर्ण मान राखून सांगते, मला हे मान्य नाही. दर वर्षी नवी मुलं येतात. घरी त्यांना पाय आपटूनच बोलावलेलं असतं. त्यांचे तळवे नव्याने शिकवावे लागतात, आणि वर्षातून एकदा केल्याने ते शिकत नाहीत. काल मास्तरांनी तो हातोडा माझ्या हातात दिला. "जोरात मारा बाई, लाजू नका," म्हणाले. दर महिन्याला मी मारणार. त्याबद्दल विचारणा करायची असेल तर मला बोलवा, मी येईन.

मास्तर, मी हसले होते, त्याची माफी आज सगळ्यांसमोर मागते. माझ्या वर्गातली बावीस मुलं आणि एक अडाणी बाई तुमची ऋणी आहेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ही क्षमा मी आत्ताच मागून ठेवते, कारण मास्तरांनी हार नको म्हटलंय. सराव हवा म्हणालेत. या सभागृहाचीही जमीन लाकडी आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी खुर्चीतच वाकून डोकं झाकावं. बाकीच्यांनी, काय करायचं सुचलं नाही, तर पुढच्या तीन रांगांकडे बघावं. बाई, हे शेवटचं मुलांना खुणांनी सांगू नका.

हा घ्या, पहिला ठोका.