कपाटात मुरवलेली बिअर

केशवापूरच्या दारूच्या दुकानात मुकुलच्या पुढं धोतर नेसलेले बाळाचार्य मास्तर उभे होते, आणि दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला.

“ही नको रे प्रवीण. ताजी दे, तारीख बघून.”

“सर, सुपारी खाल्ली म्हणून तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. आणि आज बिअर?”

“आमचा मुलगा साकेत बेंगळूरात स्वतः करतो ही. क्राफ्ट बिअर म्हणे. गेल्या दिवाळीला पहिली बाटली मला दिली. मी वर्षभर कपाटात जपली. म्हटलं, मुरेल.”

“मुरायला ते काय लोणचं आहे होय, सर?”

“मला काय ठाऊक! काल त्यानं ती बघितली. म्हणाला, ‘अप्पा, ठेवलीत, पण प्यायला नाहीत.’ मग जेवलाच नाही. उद्या परत जातोय. त्याच्यासमोर घोटभर घ्यायची आहे मला.”

“ताजी एकच उरलीय, सर. ती ह्या मागच्या साहेबांनी फोन करून ठेवायला सांगितलीय. नवनगरहून आलेत.”

मास्तर वळले.

“सरांनाच द्या,” मुकुल म्हणाला.

“अहो, तुम्ही एवढ्या लांबून आलात.”

“दर महिन्याला येतो. ह्या बिअरची चव दुसऱ्या कशाला नाही. तेवढं सांगा मुलाला.”

“मी सांगून त्याला खरं वाटायचं नाही. थांबा.” मास्तरांनी फोन लावला. “साकेत, ठेवू नको. तुझं गिऱ्हाईक बोलतंय.”