शनिवारची ऊब

आईचं दिवसकार्य आटोपून भारतातून अमेरिकेत परतले, त्यानंतरची रेडमंडच्या बसमधली ही पहिलीच सकाळ. पुढच्या सीटवर दोघं मराठीत वाद घालत होती.

“रुचा, दहाला डेमो आहे आणि आपलं हीटिंगचं सॉफ्टवेअर दर शनिवारी माझ्याच फ्लॅटला भरमसाट हीटिंग देतंय!”

“अख्ख्या कॉम्प्लेक्समधली घरं तापवणारी गरम पाण्याची लाइन एकच, आणि लाडका तेवढा तू? का रे?”

“आईमुळे. ती आली होती तेव्हा इडलीचं पीठ आंबेना. मग तिने खोलीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर ओला पंचा टाकला.”

“काय?”

“सेन्सरला वाटलं घर गारठलंय. हीटिंग फुल. सकाळी पीठ पातेल्याबाहेर!”

“काकू ग्रेट आहेत यार!”

“तिने दर शनिवारी तेच केलं. सॉफ्टवेअर ते शिकून बसलं.”

“मग पंचा काढ की, निमिष.”

“पंचा कधीच काढला. आई नागपूरला पोचलीसुद्धा. ते आता पंच्याशिवायच गरम करतंय.”

“बॉसला काय सांगणार?”

“सेन्सर बिघडला होता म्हणून.”

“काकूंना बिघाड म्हणतोस?”

“नाहीतर तेवढा डेटा डिलीट करतो. एक बटण तर दाबायचंय.”

“दाब मग. आपला स्टॉप आला.”

“दाबतो.”

“दाबलंस?”

“उद्या शनिवार आहे ना गं?”

“मग?”

“तांदूळ आहेत घरी. उडदाची डाळ तेवढी आणतो.”

“आणि बॉसला?”

“सांगेन, सॉफ्टवेअर बरोबर आहे. या घरात शनिवारी पीठ आंबवतात.”