चॉक्टॉंचा प्रमुख आणि आमचे अध्यक्ष

लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत माझ्यासमोर एक वयस्क डॉक्टर, त्यांची पत्नी आणि केंब्रिजला शिकणारी पुतणी बसली होती. डॉक्टर त्यांच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, हे बोलण्यातूनच कळलं.

“काका, अमेरिकेत चॉक्टॉ नावाची आदिवासी जमात आहे. त्यांचा प्रमुख साठेक वर्षं राष्ट्राध्यक्षच नेमायचे. लोक भांडले, तेव्हा कुठे एकाहत्तर साली त्यांना मत देता आलं.”

“हे तू मला का सांगतेयस, देविका?”

“माझ्या थीसिसचा विषय आहे.”

“आणि रविवारी मंडळाची निवडणूक आहे.”

“निवडणूक कसली? जेवणं सुरू झाली की तुम्ही म्हणता, विरोध असेल त्यांनी हात वर करा. सगळ्यांच्या हातात प्लेट्स.”

“कुणी पढवलं तुला? माझ्या खुर्चीवर डोळा असलेल्या त्या जयंतनं?”

“कुणीच नाही. या वेळी चिठ्ठ्या टाकू या. गुप्त मतदान.”

“गुप्त कशाला? माझ्यापासून काय लपवायचंय लोकांना?”

“काही नसेल, तर तुम्हीच निवडून याल.”

“सुनीती, तू तरी मलाच मत देशील ना?”

“आधी चिठ्ठ्या तर होऊ देत.”

“म्हणजे?”

“अहो, हॅरो आलं. उठा.”