साँ-जीलचा जिना

मादाम रूव्हिएर: ...आणि वडिलांचं तिकीट ज्येष्ठांच्या सवलतीचं. चर्चचा जिना अरुंद आहे बरं का. गुडघे काय म्हणतात?

लेऑन्स: मादाम, पन्नास वर्षं दगड घडवतोय. गुडघ्यांना विचारून कधी कामाला गेलो नाही.

मादाम रूव्हिएर: अगं बाई, बापही पाथरवट आणि लेकही! मग तुम्ही येऊन गेला असालच. देशभरचे पाथरवट शिकण्याच्या फेरीवर निघाले की हा जिना पाहिल्याशिवाय राहत नाहीत.

लेऑन्स: हो तर. तरुणपणी.

मादाम रूव्हिएर: आणि मायलिस, तू तर आठवडाभर आत मोजमापं घेत बसली होतीस! संपली का फेरी?

मायलिस: संपली, मादाम. सहा वर्षं चालली. रविवारी नीम शहरात पाथरवट मंडळी मला आपल्यात घेतायत. तीस पाथरवट जेवायला असतील, आणि पपा बोलणार आहेत.

लेऑन्स: याच जिन्याविषयी.

मादाम रूव्हिएर: वा! या मग, वाट मोकळी आहे.

मायलिस: इकडून, पपा. सावकाश.

लेऑन्स: तुझी सगळी पत्रं मी तारखेनुसार लावली आहेत. शाँबोरचा दुहेरी जिना उत्तम मोजलास. स्त्रासबूरच्या चर्चचं शिखरही. पाँ द्यू गार पुलाची मोठी कमान मात्र सहा मिलिमीटरने कमी भरली.

मायलिस: जुलैचं ऊन होतं. फीत तापली होती.

लेऑन्स: फीत तापली की लांबते आणि माप कमी येतं. म्हणून शेजारी तपमान लिहायचं.

मायलिस: त्यानंतर प्रत्येक पत्रात लिहिलं ना? अगदी हिवाळ्यातसुद्धा.

लेऑन्स: लिहिलंस. ते मान्य... थांब, आपण चुकलो. ही मागची बाजू दिसते. गाभारा कुठाय?

मायलिस: हाच गाभारा.

लेऑन्स: हे गवत?

मायलिस: गवत आणि खांबांचे बुंधे. छप्पर पडून चारशे वर्षं झाली, पपा. धर्मयुद्धात पाडलं. जिना तेवढा उरला.



लेऑन्स: चारशे.

मायलिस: हो.

लेऑन्स: म्हणजे जिना उतरून मी समोरच्या वेदीवर मेणबत्ती लावली, ही जी गोष्ट मी तुला...

मायलिस: लहानपणी झोपताना मी तीच मागायचे.

लेऑन्स: आणि इथे तू पहिल्यांदा आलीस ती विसाव्या वर्षी.

मायलिस: फेरीतलं पहिलंच गाव होतं.

लेऑन्स: सहा वर्षं तुला ठाऊक आहे. आणि एका पत्रात अवाक्षर नाही.

मायलिस: काय लिहायचं होतं? "पपा, तुम्ही खोटारडे आहात, इथलं तपमान अठरा अंश"?

लेऑन्स: आज मुद्दाम आणलंस तर.

मायलिस: रविवारी टेबलाभोवती बसणाऱ्या प्रत्येकाने हे गवत पाहिलंय. तुम्ही मेणबत्तीपर्यंत पोहोचला असतात आणि ते एकमेकांकडे बघून हसले असते. मला ते सोसलं नसतं.

लेऑन्स: माझी फेरी दुसऱ्या गावातच थांबली. आमचे वडील परांचीवरून पडले, मी घरी परतलो. मग थडग्यांचे दगड आणि रस्त्याच्या कडा, एवढंच. हा जिना मी पुस्तकातल्या आराखड्यावरून प्लास्टरमध्ये, लहान आकारात उभा केला. चौदा महिन्यांचे रविवार गेले. लोक बघायला आले, म्हणाले, "प्रत्यक्ष पाहिलाय ना?" मी "हो" म्हणालो. पुढच्या वर्षी त्या "हो"ला मेणबत्ती जोडली. आराखड्यात फक्त जिना असतो, मायलिस. भोवती काय आहे ते नसतं.

मायलिस: आता माझं ऐका. त्या आठवड्यात मी इथे काय करत होते?

लेऑन्स: जिन्यावरच्या वळत्या दगडी छताचा चढ मोजत होतीस. आकडे कळवले होतेस.

मायलिस: चढ एका दिवसात झाला. उरलेले दिवस मी तुम्हाला तपासत होते. घरून निघताना तुमच्या प्लास्टरच्या जिन्यातल्या एकेका दगडाचे साचे कागदावर उतरवून घेतले होते. इथे ते खऱ्या मापात वाढवले, पुठ्ठ्यात कापले आणि छताच्या दगडांना लावले.

लेऑन्स: कोणत्या थरात?

मायलिस: तिसऱ्या. बसला.

लेऑन्स: तिसरा सोपा आहे.

मायलिस: मग पाचव्या. मग माथ्यावरच्या.

लेऑन्स: माथ्यावरचा दगड दोन्ही अंगांनी वळतो आणि वळता वळता वर चढतो. तिथे फट दिसली असणार.

मायलिस: पोस्टकार्ड घालून पाहिलं. गेलं नाही.

लेऑन्स: पोस्टकार्ड जाड असतं.

मायलिस: सिगरेटचा कागद गेला.

लेऑन्स: तू सिगरेट ओढतेस?

मायलिस: पपा! मादामकडून मागून घेतला!

लेऑन्स: कागदाएवढी फट... हाताने घडवलेल्या दगडात तेवढी चालते.

मायलिस: चालते? आम्ही इथे उभे राहून, दगडाला हात लावून चुकतो. तुम्ही हा जिना न पाहता बरोबर केलात. मी फेरीत भेटलेल्या प्रत्येक उस्तादाला विचारलं, असं कोणी केलंय का? कोणाला नाव आठवलं नाही. आणि माझा बाप मेणबत्तीच्या गोष्टीआड लपून बसतो!

लेऑन्स: तो साचा ठेवलायस का?

मायलिस: पिशवीत आहे. आज तुम्ही स्वतः लावून बघा.

लेऑन्स: चल. पुढे तू हो, दिवा धर... अरे देवा. हा दगड बघ. आठशे वर्षं झाली आणि छिन्नीचा एक घाव वाकडा नाही.

मायलिस: डोकं सांभाळा. हा तो माथ्यावरचा. घ्या.

लेऑन्स: बसला.

मायलिस: सांगत होते ना.

लेऑन्स: मायलिस, रविवारचं भाषण मी नव्याने लिहिणार. पहिलं वाक्य ठरलं: "मंडळी, हा जिना मी या गुरुवारपर्यंत पाहिला नव्हता."

मायलिस: आणि दुसरं?

लेऑन्स: दुसऱ्यात तुझं नाव आहे. ते न अडखळता वाचायला मला रविवारपर्यंतचा वेळ लागेल.